साहेबांनी पान पाहिलं नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात जानेवारी २०२६ मध्ये केलेलं भाषण)



मी १९९७ च्या दहावीच्या तुकडीतली. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "एआयवर बोला, मुलांना आवडेल." मी हो म्हटलं. पण लिहायला बसले आणि लक्षात आलं की या शाळेत उभं राहून मला वेगळंच काही सांगायचं आहे. आपल्या पोरांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाला ते शिकवता येतं की नाही, हे आपण कसं तपासतो, याबद्दल. संयोजकांनी मला माफ करावं. एआय शेवटी थोडं येईल.

सुरुवात पहिलीच्या वर्गापासून करते. माझे वडील सरकारी नोकरीत, बदली होऊन अच्छाडला आलेले. आमच्या घरी पुस्तकातली मराठी बोलत असत. माझ्या बाकावर जी बसायची तिच्या घरी वारली बोलत. तिचं नाव सांगत नाही, पण हे सगळं तिला विचारूनच सांगते आहे. माझ्यापेक्षा ती चलाख होती. करवंदं कुठे पिकली, ओहोळात चिंबोऱ्या कुठल्या दगडाखाली असतात, सगळं तिला ठाऊक. एकदा ऐकलेलं तिच्या कायम लक्षात राहायचं. भिंतीवरचा तक्ता ती धडाधड म्हणायची: अ अननसाचा, ऐ ऐरणीचा. अननस आम्ही दोघींनीही पाहिला नव्हता. ऐरण तर मी आजतागायत जवळून पाहिलेली नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. बाईंनी हिला उभं केलं, कारण ही कधी अडखळायची नाही. हिने पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि अख्खा धडा खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. बोटही अगदी बरोबर पुढे सरकत होतं. फक्त पान दुसरं होतं. उघडलेला धडा वेगळा आणि तोंडातला वेगळा. मी शेजारी बसलेली. मी हळूच हात घालून पान उलटलं आणि बरोबर धडा तिच्या बोटाखाली आणला. साहेबांनी ते पाहिलं नाही. ते म्हणाले, "शाब्बास!" बाईंच्या चेहऱ्यावर समाधान. मलाही मी मैत्रिणीला वाचवलं असंच वाटलं.

त्या तपासणीत सगळे पास झाले. ती मात्र सहावीत शाळा सोडून गेली. पाठांतराच्या जोरावर तिने चार-पाच वर्षं काढली. मग पुस्तकं जाड झाली, तोंडपाठ होण्यापलीकडे गेली आणि तिची शाळा संपली. तिला वाचता येत नाही हे वर्गात फक्त मला माहीत होतं. मी ते कोणालाही सांगितलं नाही.

यात मी आपल्या बाईंना दोष देत नाही. एका वर्गात इतकी पोरं, आणि बाईंना स्वतःला जसं शिकवलं गेलं तसंच त्यांनी आम्हाला शिकवलं. मुळाक्षरं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं, आणि मध्ये फळ्यावरचं उतरवून काढणं. ज्या मुलाच्या घरी तीच भाषा आणि चार छापील कागद आहेत, त्याला एवढं पुरतं. मला पुरलं. जिच्या घरी दुसरी भाषा आहे आणि कागदच नाही, तिला ते पुरत नाही. तिच्यासाठी वेगळं काय करायचं, हे बाईंना कोणी शिकवलं नव्हतं. ते येतं का, असं कोणी विचारलंही नव्हतं.

आज विचारतात का? त्यासाठी मी जरा खोलात गेले. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट बिघडली की आधी कागदपत्रं पाहायची सवय असते, तसंच.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा. त्याच्या आधारे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी शिक्षकांची किमान पात्रता ठरवली. पहिली ते पाचवीसाठी बारावी, त्यावर दोन वर्षांची पदविका, म्हणजे पूर्वीचं डी.एड., आजचं डी.एल.एड., आणि त्यावर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी. आपल्या राज्यात टीईटी २०१३ पासून होते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक. १५० प्रश्न, १५० गुण. बालमानसशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, गणित ३०, परिसर अभ्यास ३०. चार पर्यायांतून एक निवडायचा. ६० टक्क्यांना पास, राखीव प्रवर्गांना ५५. पुढे नोकरीसाठी आणखी एक चाचणी आहे, अभियोग्यता आणि बुद्धिमत्तेची. २०० गुणांची, २०१७ पासून. तिच्यात तर्क आहे, आकडेमोड आहे, भाषाही आहे. मूल नाही.

म्हणजे पहिलीचा वर्ग हातात घेणाऱ्या माणसाने त्याआधी एकाही मुलाला वाचतं करून दाखवलं पाहिजे, अशी अट या दोन्ही परीक्षांत कुठेही नाही. पदविकेत वर्गात जाऊन पाठ घ्यावे लागतात, हे खरं. पण पाठ घेणं वेगळं आणि सहा महिन्यांनी ते मूल पानावरचं वाचतंय का ते पाहणं वेगळं. पाठाचे गुण पाठाच्या टाचणाला आणि सादरीकरणाला. आपले साहेब आले होते ना, तसंच. आवाज खणखणीत, बोट ओळीवर, शाब्बास.

आपण नाक्यावरची माणसं, आपल्याला लायसन्स म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. अहमदाबादकडून येणारी ट्रकांची रांग बघतच आपण मोठे झालो. रस्त्यावरच्या खुणांची परीक्षा दिली की मिळतं ते कच्चं लायसन्स. पक्क्यासाठी गाडी चालवून दाखवावी लागते, शेजारी तपासणारा बसलेला असतो. आणि मोटार चालवता आली म्हणून कोणी सोळा चाकी हातात देत नाही. त्याची परवानगी वेगळी, अनुभव वेगळा. टीईटी म्हणजे आपलं कच्चं लायसन्स आहे. ती हवीच. पण त्यावर आपण पक्कं लायसन्स देतो, आणि त्याच लायसन्सवर सोळा चाकीसुद्धा.

सोळा चाकी कशाला म्हणते, ते सांगते. अच्छाडच्या पोराच्या डोळ्यांसमोर काय काय असतं बघा. घरी वारली. शाळेत मराठी. दुकानात आणि कारखान्यात हिंदी. भिलाडच्या बाजारात गेलं की पाट्या गुजराती. गुजराती अक्षरं आपल्या अक्षरांची सख्खी भावंडं, पण त्यांच्या डोक्यावर रेघ नाही. मूल म्हणतं, हे आपलंच अक्षर, पण टोपी कुठे गेली? ट्रकच्या मागे इंग्रजी. आणि मराठीची स्वतःची गंमत वेगळीच. "कि" मध्ये वेलांटी क च्या आधी काढायची आणि म्हणायची मात्र नंतर. र तर बहुरूपी: सूर्यात डोक्यावर, चंद्रात पायाशी, सुऱ्यात आडवा होऊन मध्येच. हे सगळं मोठ्या माणसाला दिसेनासं झालेलं असतं, कारण त्याला वाचता येतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्या जागी बसून हे पाहणं, ही शिकण्याची विद्या आहे. ती नुसत्या मायेने येत नाही आणि चार पर्यायांतूनही येत नाही.

ही विद्या आपल्याकडे नव्हती असं म्हणाल, तर तेही खरं नाही. ती आपल्या शेजारच्याच तालुक्यात होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, माँटेसरी पद्धत पचवलेल्या. माँटेसरीची साधनं महाग. त्यांनी त्या जागी पानं, बिया, शंख, खडे घेतले. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज देशभर "अंगणवाडी" म्हणतात, त्या कल्पनेचं एक मूळ आपल्या मातीत आहे. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. शाळेच्या भिंतीवर त्यांचे फोटो लावतो, जयंतीला हार घालतो. पण त्यांनी शिक्षक कसे घडवले, ते आपण घेतलं नाही. तिथे बालसेविकेचं शिक्षण मुलांमध्येच व्हायचं. टेकडीवर मुलं होती, शेजारी पाडे होते, शिकणारी बाई त्यांच्यातच वावरायची. मूल रोज समोर, म्हणून चूकही रोज समोर.

ही परंपरा अगदीच तुटलीही नाही. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून निलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था आदिवासी भागातल्या मुलांच्या वाचन-लेखनावर वर्षानुवर्षं काम करते आहे. तिकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मराठी वाचायला कसं शिकवावं यावर अख्खं आयुष्य घातलं. आणि अझीम प्रेमजी विद्यापीठाने तर आपल्याच पालघर जिल्ह्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलांबरोबर तीन वर्षं राहून अभ्यास केला. मुलं मराठी आणि कन्नड वाचायला प्रत्यक्षात कशी शिकतात, याचा. अहवाल २०१७ मध्ये आला. त्यात जे चित्र आहे ते वाचताना मला माझाच वर्ग दिसला. बहुतेक वेळ अक्षरं आणि उतरवून काढण्यात, अर्थाकडे फार थोडं लक्ष, आणि मुलाची घरची भाषा वर्गाच्या दाराबाहेर. विद्यापीठाने येऊन आपल्या घरातलं दुखणं सांगितलं. आपल्या पात्रता परीक्षेपर्यंत मात्र ते पोचलेलं दिसत नाही.

परिणाम काय? "असर"चा २०२४ चा अहवाल सांगतो की देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या १०० मुलांपैकी साधारण २३ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हा आकडा १६ होता. म्हणजे सुधारणा आहे, आणि ती शिक्षकांनीच केली आहे, हे आधी म्हटलं पाहिजे. पण उरलेली ७७? "निपुण भारत" अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट, आणि मुदत २०२६-२७. हे वर्ष आता तोंडावर आलं आहे. मुलांसाठी आपण उद्दिष्ट लिहिलं. ते गाठून देणाऱ्याची परीक्षा होती तशीच ठेवली.

आता थोडं माझ्या घरचं. कामानिमित्त आम्ही काही वर्षं अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात होतो. माझा मुलगा तिथे पहिलीत अडकला. मी इंजिनीअर, घरात पुस्तकांचा ढीग, आणि माझा मुलगा वाचताना शब्दाचं पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देतो. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. शाळेने त्याला एका बाईंकडे पाठवलं. त्या रोज थोडा वेळ त्याच्या शेजारी बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला काही शिकवलंच नाही. त्याला वाचू दिलं आणि तो चुकला की खूण करत गेल्या. मग त्या खुणा मला दाखवल्या: "इथे हा अंदाज करतो, इथे तो आवाज जोडत नाही, पण अर्थ बरोबर धरतो." मी रोज हेच काम करते, प्रोग्राम कुठे अडतो ते शोधण्याचं. मुलाबाबतीत असं करता येतं हे मला सुचलंच नव्हतं. नंतर कळलं की त्या राज्यात प्राथमिक शिक्षक व्हायचं तर वाचन शिकवण्यावरची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. आणि या बाईंसारखं वाचनतज्ज्ञ व्हायचं तर त्याहून वेगळा परवाना लागतो. त्यासाठी आधी वर्गात शिकवलेलं असावं लागतं.

तिथे सगळं गोड आहे असं समजू नका. न्यूयॉर्क राज्याने भावी शिक्षकांच्या स्वतःच्या भाषाकौशल्याची एक परीक्षा ठेवली होती. त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो उमेदवार फार मोठ्या प्रमाणात गळू लागले, आणि २०१७ मध्ये ती काढून टाकावी लागली. उलट मिसिसिपी हे तिथलं गरीब राज्य. चौथीच्या वाचनात जवळजवळ तळाला असायचं. त्यांनी २०१३ मध्ये कायदा केला. शिक्षकांना वाचन शिकवण्याचं पुन्हा शिक्षण दिलं, कच्च्या शाळांत मार्गदर्शक शिक्षक नेऊन बसवले, पुढे नव्या शिक्षकांना वाचनाची परीक्षा लावली. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत ते पहिल्या दहा राज्यांत आलं. त्या कायद्यात न वाचणाऱ्या मुलाला तिसरीत मागे ठेवण्याचीही तरतूद आहे, आणि आकडे सुधारले ते किती शिकवण्याने आणि किती त्याने, यावर तिथे वाद आहे. मला यातून कळलं ते इतकंच: नुसती चाळणी लावली तर चांगली माणसं गळतात. शेजारी बसून शिकवणारा दिला आणि मग परीक्षा घेतली, तर निदान काही हाती लागण्याची आशा असते.

हे आज बोलायचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांपैकी ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. ज्यांची पाचहून कमी वर्षं उरली त्यांनी नोकरी पुरी करावी, पण बढती हवी तर टीईटी हवीच. आपल्या तुकडीतले तिघं-चौघं शिक्षक आज या मांडवात आहेत. पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं नोव्हेंबरात पोरांच्या वयाच्या उमेदवारांशेजारी बसून गोल काळे करून आली. त्यातल्या एकाने मला काल रात्री विचारलं, "तुला पंचवीस वर्षांनी कोणी इंजिनीअरिंगचा पेपर परत द्यायला लावला तर?" मी गप्प बसले. मला उत्तर आलं नाही. आज देते.

मित्रा, परीक्षा द्यावी लागली याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की पंचवीस वर्षांत तू जे शिकलास ते त्या परीक्षेने तुला विचारलं नाही. कुठलं पोर कुठे अडतं, हे तू डोळे मिटून सांगशील. ते सांगायला त्या कागदावर जागाच नाही.

न्यायालयाची दिशा मला मान्य आहे. त्याआधी ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं होतं की बी.एड. ही पहिली ते पाचवीसाठीची पात्रता नव्हे, लहान मुलांना शिकवण्याचं कौशल्य वेगळं असतं. अगदी बरोबर. मग ते वेगळं कौशल्य आहे की नाही, हे तपासा ना! आणि ही परीक्षा हवी तशी वाकवलीही जाते. २०१९ च्या टीईटीत गुण बदलून अपात्रांना पात्र केल्याचं तपासात निघालं आणि २०२२ मध्ये ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली. यंत्रातला आकडा बदलला की माणूस शिक्षक होतो. माझ्या धंद्यातली माणसं त्यात होती, म्हणून मला हे जास्त लागलं. समोर मूल बसवून घेतलेल्या परीक्षेतही वशिला चालू शकतो. पण तिथे निदान एक साक्षीदार असतो, आणि ते मूल वाचतं किंवा वाचत नाही.

तर मला काय हवं आहे? चार गोष्टी. मोजून सांगते.

एक. टीईटी राहू द्या, पण पेपर एकमध्ये वाचन शिकवण्याचा स्वतंत्र भाग करा आणि त्यात स्वतंत्रपणे पास होणं सक्तीचं करा. आज भाषेच्या तीस गुणांत ते कुठेतरी बुडून जातं आणि गणिताच्या गुणांवर तरून जाता येतं. प्रश्न व्याख्यांचे नकोत. मुलाने वाचलेली चार वाक्यं छापा, त्याच्या चुकांसकट, आणि विचारा: हे मूल कुठे अडलंय, उद्या सकाळी तुम्ही काय कराल?

दोन. पदविका देण्याआधी उमेदवाराने न वाचणाऱ्या दोन-तीन मुलांबरोबर काही महिने काम करावं. आधीची आणि नंतरची नोंद ठेवावी आणि अनुभवी शिक्षकाने समोर बसून ती तपासावी. मूल पूर्ण वाचतं झालं नाही म्हणून उमेदवार नापास, असं नाही. कुठे अडलं ते त्याला ओळखता आलं का, हे बघायचं. आणि नोकरीतल्या जुन्या शिक्षकांना टीईटीऐवजी हाच मार्ग मोकळा ठेवा. त्यासाठी नियम बदलावे लागतील. बदलूया.

तीन. डहाणू-तलासरीसारख्या अनुसूचित क्षेत्रात पहिली-दुसरीला शिकवणाऱ्याला तिथली बोली यावी. आली नाही तर ठरलेल्या मुदतीत शिकावी. सरकारी नोकराला मराठी येत नसेल तर मराठीची परीक्षा द्यावी लागतेच ना? मग सहा वर्षांच्या पोराच्या भाषेची का नको?

चार. प्रत्येक केंद्रात एक वाचन-शिक्षक. काही वर्षं पहिली-दुसरी शिकवलेला, त्यावर खास शिक्षण घेतलेला, स्वतंत्र परवाना असलेला. दिव्यांग मुलांच्या विशेष शिक्षकाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, म्हणजे असा परवाना आपल्या देशाला नवा नाही. हा माणूस शाळाशाळांत जाऊन अडलेल्या पोरांशेजारी बसेल. एकच भीती आहे. सहा महिन्यांत त्याला माहिती भरायला संगणकावर बसवतील. ते होऊ द्यायचं नाही.

आता शेवटचं. ती बाकावरची मैत्रीण पलीकडे सरीगामच्या एका कारखान्यात कामाला जायची. तिच्या मुलीने डी.एल.एड. केलं. टीईटी तीन गुणांनी हुकली. मला कळलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, मी तुला सरावाचं ॲप करून देते. केलंही. प्रश्न भरता भरता माझ्याच लक्षात आलं की हे ॲप तिला गुण मिळवून देईल, पण पोराला वाचतं करणाऱ्या कुठल्याही गोष्टीला ते हात लावत नाही.

दिवाळीत तिच्याकडे गेले. संध्याकाळी ओटीवर पाड्यातली सहा-सात पोरं. एकाला तिने विचारलं, आज काय झालं? त्याने त्याच्या बोलीत सांगितलं, मामा आला, मासे आणले. तिने खडूने जमिनीवर लिहिलं: मामा. मासा. त्याने दोन्हींवर बोट फिरवलं. मग तिने मा पुसला, सा पुसला, इकडचं तिकडे केलं, त्यात एक न घातला आणि विचारलं, हे काय? पोरगं बघत राहिलं. मग म्हणालं, "सा...मा...न." आणि उठून पळालं. आम्ही बघतोय तर ते समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीखाली उभं राहून बोट दाखवतंय: "सामान! सामान!" रोज तिथून जाणारं पोर, त्याने ती पाटी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

कागदावर ही मुलगी अपात्र आहे. तीन गुणांनी. मी टीईटी मोडा म्हणत नाही. ती परत परीक्षेला बसणार आहे आणि पास होईल, असं मला वाटतं. पण त्या ओटीवरचे तिचे गुण कोणी मोजलेच नाहीत. एआय मोजेल का, असं विचाराल. मी त्यातच काम करते, म्हणून सांगते. यंत्राला त्या पोराची बोली आपण कधी नीट ऐकवलेलीच नाही. आधी माणसं ऐकू देत.

या मेळाव्याच्या निमित्ताने आपण निधी गोळा केला आहे. गेटची कमान करायची असं ठरतंय. कमान करा. पण त्यातला एक वाटा या शाळेत वर्षभर न वाचणाऱ्या पोरांशेजारी बसणाऱ्या एका माणसासाठी ठेवा. त्याची नोंदवही मी ठेवते. वर्षाने ती नोंदवही घेऊन आपल्यातले शिक्षक आणि मी परीक्षा परिषदेकडे जाऊ आणि सांगू की पात्रता अशी तपासता येते, आम्ही करून पाहिलं.

हे भाषण लिहिल्यावर मी मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, तुझी गोष्ट सांगू का सगळ्यांसमोर? ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सांग. पण पान तू उलटलंस, तेही सांग."

सांगितलं.